चंद्राला बोट दाखवू नये

पो-पोनं माझा हात इतक्या झटक्यात खाली ओढला की कपातला चहा तिच्याच चपलेवर सांडला. मी फक्त विचारलं होतं, तो काळसर डाग म्हणजे ससा का. विचारताना बोट वर गेलं. चंद्राकडे बोट दाखवायचं नसतं. दाखवलं तर तो रात्री झोपेत येतो आणि कानामागची कातडी कापून जातो. दक्षिण चीनमधल्या क्वांगचौचं (ग्वांगझू) शेंबडं पोरही हे जाणतं, मला मात्र चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. पो-पोनं आधी माझा डावा कान तपासला, मग उजवा. मग मला चंद्राकडे तोंड करून उभं केलं, माझे हात जुळवले आणि माझ्या वतीनं माफी मागून टाकली. 'परदेशी आहे, तिला कळत नाही,' असं काहीतरी ती त्याला म्हणाली. त्याला म्हणजे, खरं तर, तिला. आपला चंद्र सत्तावीस बायकांचा दादला. तिथला, निदान त्या रात्रीपुरता, बाईमाणूस.

पो-पो म्हणजे आजी. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिनंही माझं नाव एकदाच उच्चारून पाहिलं आणि मग 'आ-मुई'वर भागवलं. आ-मुई म्हणजे धाकटी बहीण किंवा पोरगी. लीवान भागातल्या त्या लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत मी तीन वर्षं राहिले. तिची मँडरिन तिथल्या स्थानिक कँटोनीज वळणाची, माझी मराठी वळणाची. आम्ही बोलायला लागलो की खाली राहणारा मुलगा हसायचा. पण आमचं अडत नसे.

ती रात्र 17 सप्टेंबर 2024 ची. चिनी पंचांगाचा आठवा महिना, पंधरावा दिवस. या दिवशीच्या सणाला मँडरिनमध्ये चोंगच्यू म्हणतात, कँटोनीजमध्ये चोंग-चाऊ, अर्थ दोन्हीकडे एकच: शरदाचा मध्य. आणि आपल्याकडे त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. हा निव्वळ योगायोग नव्हे. दोघांचीही पंचांगं महिना चंद्राकडून घेतात, वर्ष सूर्याकडून, आणि दोघांतली तूट भरायला अधूनमधून अधिक महिना घालतात. त्यामुळे त्यांचा आठवा महिना बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदावरच बसतो. आपण सूर्याची संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजतो, ते सायन, म्हणजे ऋतूंवरून. तेवढ्या फरकानं एखाद्या वर्षी अधिक महिना त्यांचा आधी येतो, आपला नंतर, आणि मग त्यांचा हा चंद्र सरकून थेट आपल्या कोजागरीवर जातो. ते पुढं येईलच.

पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला गोल, अशी एक म्हणही तिथं आहे. त्या वर्षी ती अक्षरशः खरी होती, पूर्ण बिंब दुसऱ्या दिवशी सकाळी भरत होतं. निंगपोचे लोक तर सणच सोळाव्याला करतात आणि उरलेल्या चीननं एक दिवस आधी करून चूक केली आहे अशा चेहऱ्यानं वावरतात.

संध्याकाळी पो-पोची मुलगी आणि जावई फोशानहून आले. जावयानं घडीचं टेबल खांद्यावरून चार जिने चढवून गच्चीत मांडलं, आणि तिथंच त्याचं त्या पूजेतलं काम संपलं. पुढचा सगळा वेळ तो गच्चीच्या दारात सिगारेट ओढत उभा होता. कुणी त्याला बोलावलं नाही, त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

टेबल पूर्वेकडे तोंड करून. मध्ये उदबत्त्यांसाठी तांदळानं भरलेला पत्र्याचा डबा, तीन छोटे चहाचे पेले, आणि त्याभोवती फळं. त्यांतलं एक बघून मला एकदम घरी आल्यासारखं झालं: पपनस. गोव्यात आणि तळकोकणात गणपतीच्या माटोळीला लटकतं तेच, तितकंच हिरवं-पिवळं, तितकंच जाड सालीचं. ते तिथं का, तर कँटोनीजमध्ये पपनसाला 'याऊ' म्हणतात आणि देवानं सांभाळणं, पाठीशी असणं यालाही 'याऊ'च म्हणतात. चिनी सणांतलं अर्धं देवशास्त्र श्लेषावर चालतं. पेर मात्र टेबलावर चालत नाही, कारण 'ली' म्हणजे पेर आणि 'ली' म्हणजेच ताटातूट. मी बाजारातून नेमकी अर्धा किलो पेरं आणली होती. पो-पोनं ती पिशवी एक शब्द न बोलता जावयाच्या हातात दिली. त्यानं ती दारातच उभ्या उभ्या संपवली.

शिंगाडे होते, पण आपल्यापेक्षा काळे आणि दोन लांब वाकड्या शिंगांचे, एखाद्या उडत्या वटवाघळासारखे. आणि होत्या सालासकट वाफवलेल्या अळकुड्या. त्या सोलण्यालाही एक नाव आहे, 'भुताची कातडी सोलणं'. अळकुडीच्या केसाळ, तपकिरी सालीकडे पाहिलं तर नाव पटतं. सोलता सोलता घरातली इडापिडा जाते म्हणे. आमच्याकडे अळकुड्या सोलल्यावर फक्त हात खाजतात. इथं वाफवल्यामुळे तेही नाही, साल बोटांतून सुळकन निघते आणि आतला पांढरा गर साखरेत बुडवून खायचा. जेवणात तळ्यातल्या गोगलगायीही होत्या, त्यानं डोळे स्वच्छ होतात असं मुलगी म्हणाली. मी माझ्या चष्म्यावर समाधान मानलं.

आणि मूनकेक. याबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण बाहेरच्या माणसाला तो पहिल्या घासात आवडत नाही आणि पुढच्या वर्षी त्याची आठवण येते. क्वांगतुंगचा, म्हणजे क्वांगचौ ज्या प्रांतात आहे तिथला, मूनकेक म्हणजे तळहातात मावणारा, जड, चकचकीत तपकिरी पेढा समजा, वर फुलांची आणि अक्षरांची उठावदार नक्षी. ती लाकडी साच्यातून येते. साचा पाटाच्या कडेवर दाणकन आपटून केक सोडवायचा, तो आवाज जुन्या दुकानांच्या मागच्या बाजूला आठ-आठ दिवस ऐकू येतो. आत कमळबियांचं पुरण. कमळबी शिजवून, वाटून, साखर आणि तेलात इतकं परतायचं की ते कढईची कड सोडतं. पुरणपोळी करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या पुरणाच्या पोटात खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा अख्खा बलक, लालसर, तेलकट, गोल. कापला की मधोमध चंद्र. गोडात खारट चंद्र, इथंच पहिल्यांदा खाणारा थबकतो.

भट्टीतून काढल्याबरोबर तो खात नाहीत. ताजा केक कोरडा आणि कडक असतो. दोन-तीन दिवस झाकून ठेवला की आतलं तेल हळूहळू वरच्या पापुद्र्यात उतरतं आणि तो मऊ, चकचकीत होतो. याला तिथले हलवाई 'तेल परतणं' म्हणतात. सूचौकडचा मूनकेक वेगळाच, पापुद्र्यापापुद्र्याचा, आणि शांघायला तो डुकराचं मांस घालून गरम गरम विकतात, त्यासाठी रांगा लागतात. युन्नानमध्ये त्यात हॅम. बीजिंगचे मला कोरडे वाटले, पण हे मी क्वांगचौमध्ये मुरल्यामुळे असेल.

मधल्या काळात या साध्या गोष्टीचं भेटवस्तूंच्या बाजारात फार वाटोळं झालं होतं. मखमली पेट्या, पेटीत पेटी, पेटीबरोबर महागडी दारू. साहेबाला मूनकेक पाठवणं म्हणजे काय पाठवणं हे सगळ्यांना ठाऊक होतं. 2013 साली सरकारी पैशातून मूनकेक वाटायला बंदी आली, आणि 2022 मध्ये वेष्टन तीन थरांपेक्षा जास्त नको असा नियम झाला. पो-पोचा केक पत्र्याच्या डब्यातला होता, चारांचा. डबा मागच्या वर्षीचा. त्यात ती सुया-दोरे ठेवते, सणापुरते ते बाहेर निघतात.

आता बायकांचं. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत चीनमध्ये एक जुनी म्हण आहे: पुरुषानं चंद्र पुजू नये, बाईनं चूलदेव पुजू नये. चूल बाईची, पण तिचा देव पुरुषाच्या वाट्याला, आणि त्या बदल्यात आकाशातला एक गोळा बायकांना. चंद्र म्हणजे महायिन, यिन या स्त्री-तत्त्वाची परिसीमा, म्हणून बायकांचा, असं स्पष्टीकरण देतात. मला वाटणीचा हा हिशेब फार आवडला. वर्षभरात देवाशी थेट बोलायची एक रात्र, मध्ये भटजी नाही, नवरा नाही, सासरा नाही. लग्न न झालेल्या मुली रूप मागत, चांगलं घर मागत. क्वांगतुंगमध्ये टेबलावर पावडर आणि लाली ठेवायची पद्धत होती, चंद्रप्रकाश पिऊन झाल्यावर ती वापरायची. पो-पोच्या आईची पावडरची गोल डबी असे, तिचं झाकण उघडून ठेवलेलं. पो-पोनं स्वतः काय ठेवलं होतं? औषधाच्या दुकानातली हाताला लावायच्या क्रीमची ट्यूब. भांड्याच्या साबणानं तिच्या बोटांना भेगा पडतात. रूपाचं आता काय करायचं, म्हणाली, बोटं वाकली तरी पुरे.

यात गंमत अशी की राज्याच्या पातळीवर चंद्र पुजायचा तो मात्र पुरुषानं, आणि तोही सम्राटानं. बीजिंगच्या पश्चिमेला चंद्रवेदी आहे, युएथान. मिंग घराण्याच्या च्याचिंग सम्राटानं 1530 मध्ये बांधवली. पूर्वेला सूर्यवेदी, तिथं वसंतसंपाताला, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा पूजा, आणि पश्चिमेला ही, इथं सप्टेंबरातल्या तशाच दिवशी, शरदसंपाताला. काही वर्षी सम्राट स्वतः येई, बाकी वर्षी अधिकारी. मिंगनंतरच्या छिंग घराण्याच्या काळात त्यासाठी खास चंद्रश्वेत रंगाचा पोशाख असे. हा रंग खरं तर फिकट निळा आहे, रेशमाला निळीचा हलका हात दिल्यासारखा. पण संपात सूर्यावर ठरतो. त्या संध्याकाळी चंद्र कुठल्याही अवस्थेत असू शकतो, कोर असेल, अर्धा असेल, मध्यरात्रीपर्यंत उगवणारच नसेल. म्हणजे सम्राट आपल्या निळसर झग्यात कित्येकदा नसलेल्या चंद्राला नमस्कार करत असणार, आणि गल्लीबोळांतल्या बायका मात्र थांबून, आकाश बघून, पूर्ण बिंब वर आलं की मगच उदबत्ती लावत. या बाबतीत माझा कौल कुणाला आहे ते सांगायला नकोच. युएथानची आता बाग झाली आहे. 2023 मध्ये मी गेले तेव्हा तिथं निवृत्त मंडळी पाठीनं झाडांवर धडका देण्याचा व्यायाम करत होती.

त्याच फेरीत बीजिंगला मला ससोबा भेटला. त्यांचा शब्द 'थुअर-ये'. 'थु' म्हणजे ससा, 'ये' म्हणजे आजोबा, महाराज. खंडोबा, म्हसोबा म्हणणाऱ्यांनी याला ससोबाच म्हणावं. मातीचा, साच्यातून काढून रंगवलेला, सशाचं तोंड, सेनापतीचं चिलखत, पाठीत निशाण, बसायला वाघ. शहरात साथ आली तेव्हा चंद्रावरचा ससा खाली उतरला आणि घरोघरी औषध देत फिरला, त्याची ही आठवण. मोठ्या बायका चंद्र पुजत तेव्हा शेजारी पोरं ससोबा पुजत. ही आईची नक्कल करत चाललेली भातुकलीच. सण झाला की पोरं त्याच्याशी खेळून त्याचा चुराडा करत. पुढच्या वर्षी नवा. मातीचा देव दरवर्षी नवा आणायचा, याचं मराठी माणसाला काय नवल.

आणि ससा मुळात कुणाचा? इथं आपला हक्क सांगायचा मोह होतो. शशी, शशांक, शशधर, आपल्या भाषेत चंद्राच्या नावातच ससा बसला आहे. अतिथीसाठी स्वतःला आगीत झोकून देणाऱ्या सशाची जातककथा चिनी भिक्षू युआन च्वांगनं (आपला ह्युएन त्संग) सातव्या शतकात वाराणसीच्या परिसरात ऐकली आणि लिहून घेतली. हाच युआन च्वांग पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. या देशाच्या नावाची चिकित्सा करताना त्यानं ते 'इन्तु' असं लिहिलं आणि अर्थ दिला: चंद्र. म्हणजे इंदु! व्युत्पत्ती म्हणून ती चूक, पण असल्या चुकीबद्दल मी कुणालाही माफ करीन. सशाच्या बाबतीत मात्र हक्क सोडावा लागतो. चीनमधल्या चांगशाजवळ मावांगत्वेइ इथं 1972 मध्ये उघडलेल्या थडग्यात एक रेशमी पट निघाला, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्यावर चंद्रकोर आहे, कोरीशी बेडूक आणि ससा. बौद्ध कथा तिकडे पोचायच्या आधीचा. दोन्हीकडच्या माणसांनी वर पाहिलं, दोन्हीकडे डाग तोच, आणि दोघांनाही ससाच दिसला.

बेडूक मात्र दुखरी बाजू आहे. चंद्रावर राहणारी देवी ती चांग-अ (आपले पेपर तिला चांग-ई करतात). तिचा नवरा हौ ई, थोर धनुर्धर, आकाशात दहा सूर्य उगवले तेव्हा नऊ पाडणारा. त्याला पश्चिमेच्या राणीमातेकडून अमरत्वाचं औषध मिळालं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या ह्वाइनानत्सू या ग्रंथात गोष्ट एका ओळीत आहे: तिनं ते चोरलं आणि चंद्रावर पळाली. हान काळातलाच दुसरा एक मजकूर पुढं सांगतो की तिथं पोचल्यावर ती बेडूक झाली. शिक्षाच ती. आज मुलांना जी गोष्ट सांगतात तिच्यात ती चोर नाही. नवऱ्याचा दुष्ट शिष्य ते औषध बळकवायला आला, म्हणून तिनं नाइलाजानं पिऊन टाकलं. देवीला साक्षीदार मिळवून दिला, खटला मिटवला.

मला जुनी जास्त खरी वाटते. पण मग प्रश्न उरतो. हा सण सगळ्यांनी एकत्र येण्याचा, 'थ्वानयुएन'चा. या शब्दातच 'गोल' आहे. मग तो अशा बाईसमोर का मांडायचा, जी कायमची एकटी गेली? मी पो-पोला विचारलं, तुमची कुठली गोष्ट, चोरल्याची की वाचवल्याची? ती केक कापत होती. म्हणाली, "नवरा नऊ सूर्य पाडून आलेला. घरात त्याचंच चालणार. तिला कुणी विचारलं होतं, अमर व्हायचंय का?" आणि सुरी पुसून पुढचा केक घेतला.

केकचे तुकडे माणसांच्या संख्येइतके, घरात नसलेल्यांसकट. तिनं सहा केले. एक तिचा, मुलीचा, जावयाचा, माझा, आणि टोरांटोतल्या मुलाचा आणि सुनेचा. बीजिंगकडे असा केक वर्ष सरेपर्यंत जपून ठेवून खायची जुनी रीत होती. क्वांगचौच्या दमट हवेत तसलं काही जमत नाही. गैरहजरांचे तुकडे हजर असलेल्यांनीच खायचे. दोन्ही जावयाकडे गेले.

नऊच्या सुमारास मुलाचा व्हिडिओ कॉल आला. आता या सणाची सगळ्यांत लाडकी कल्पना अशी, की आपण लांब असलो तरी एकच चंद्र बघतो. 1076 साली सू शी या कवीनं दूरच्या भावाच्या आठवणीत या रात्री हेच लिहिलं आणि चीनमध्ये ते पाठ नसलेला माणूस नाही. त्याचा भाऊ निदान त्याच देशात होता, त्याचं जमलं. टोरांटोत सकाळचे नऊ वाजले होते. मुलगा गाडीत होता, ऑफिसच्या वाटेवर. त्यानं फोन खिडकीबाहेर धरला, तर स्वच्छ निळं आकाश आणि एक पेट्रोल पंप. "मा, इथं मावळला," तो म्हणाला. पो-पोनं आपला फोन वर धरून त्याला आमचा दाखवला. पडद्यावर तो रस्त्याच्या दिव्यासारखा दिसला.

मग मला वाटलं, आपणही करावा. पुण्यात साडेसहा, म्हणजे तिकडे आत्ता उगवत असणार. आईनं फोन घेतला पण मागं ढोल-ताशा इतका, की तिचे ओठच फक्त हलत होते. विसर्जनाची मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती. मी ओरडले, "चंद्र दिसतोय का?" ती ओरडली, "कोण?" "चंद्र!" तिनं मान वळवून पूर्वेकडे पाहिलं, तिकडे आता बारा मजली इमारत आहे. मग हातानं खूण केली, नंतर, नंतर. पो-पोनं स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, तिथं भांडण चाललंय का.

शेवटी कागदी वस्त्रं जाळली, चंद्रासाठी. पो-पोनं मला पाण्याची किटली धरून उभं केलं, ठिणगी शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊ नये म्हणून. त्याच वर्षी जूनमध्ये चांग-अ नावाचंच सहावं यान चंद्राच्या पाठीमागची 1,935.3 ग्रॅम माती घेऊन परतलं होतं. जावयानं तो आकडा मला दारातून सांगितला, दशांशासकट, अभिमानानं. पो-पो राखेवर पाणी ओतत होती. तिनं विचारलं, "एवढ्या मातीत काय लावणार?"

2025 च्या उन्हाळ्यात मी कायमची परत आले. त्या वर्षी चिनी पंचांगात सहावा महिना अधिक होता, आपला अधिक मास 2026 मध्ये, त्यामुळे 6 ऑक्टोबरला दोन्ही रात्री एकमेकींवर आल्या. क्वांगचौमध्ये चोंग-चाऊ, पुण्यात कोजागरी. साडेसहाला पो-पोचा फोटो आला: टेबल, पपनस, क्रीमची ट्यूब, सहाऐवजी पाच तुकडे. तिनं मला गाळलं असं आधी वाटलं. मग मोजलं. जावई दिसत नव्हता, कामासाठी परगावी गेला होता, हे तिनं खाली बोलून पाठवलं होतं. "माणसं सहाच, पण या वर्षी खाणारा नाही," म्हणाली.

रात्री सोसायटीच्या गच्चीवर केशरी दूध उकळत होतं. ढग होते, चंद्र मधूनच यायचा. पातेल्यात त्याचं बिंब पडावं म्हणून दोघीतिघी पातेलं इकडेतिकडे सरकवत होत्या, दूध हिंदकळत होतं. एकदा ढग चांगलेच फाटले आणि भावाची पाच वर्षांची मुलगी ओरडली, "आत्या, ससा! तो बघ!" आणि तिनं हात वर केला.

मी तिचा हात इतक्या झटक्यात खाली ओढला, की ती रडायच्याच बेतात आली. वहिनी म्हणाली, "अगं, काय झालं?" काही नाही, म्हटलं. मुलीला कठड्यापाशी उजेडात नेलं, केस बाजूला केले आणि आधी डावा कान पाहिला, मग उजवा.